खाटेखालची परात

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची परात आहे. शिरोड्यात माडांच्या बागेतल्या एका कौलारू घरात मी राहते. घर रूबेन किहीमकर आणि त्यांची बायको सिपोराबाई यांचं. रूबेनभाऊ मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. ही माणसं बेने इस्राएल, म्हणजे कित्येक पिढ्या कोकणात राहिलेले यहुदी. आता गावात त्यांचं हे एकच घर उरलं आहे.

कुडाळच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. रूबेनभाऊंचे आजोबा मिठागरावर कामाला आले तेव्हा त्यांनी मला मालिद्यासाठी घेतलं. घरात काही आनंदाचं घडलं की माझ्यात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची कालवतात, वर केळी आणि खजूर मांडतात. मग यहुद्यांचे प्रेषित एलियाहू नबी यांचं नाव घेऊन हिब्रू प्रार्थना म्हणतात आणि मालिदा सगळ्यांना वाटतात. लेक नओमी जन्मली तेव्हा मी भरले, ती नर्स झाली तेव्हाही भरले. सिपोराबाई मला चिंचेने घासून लख्ख ठेवत. मला माझा फार अभिमान होता.

नओमी नोकरीसाठी इस्राएलला गेली. तिथे दानिएल नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरत आलं. त्याचे आजी-आजोबा युरोपातून तिकडे आलेले, गोरेपान. गेल्या डिसेंबरात त्याची आई मिरियम नओमीबरोबर हे घर बघायला आली.

पाहुणी आंघोळीला गेली तशी नओमी स्वयंपाकघरात आली. सिपोराबाई मला फडताळातून काढत होत्या.

"मम्मी, ती परात आज नको. तेंका वाटात, आपण हिंदूंसारी पूजाच घालतव."

"अगो, पण एलियाहूंचा नाव..."

"थंय माका पहिल्याच वर्सा एका पेशंटान इचारल्यान, इतकी काळी, तू यहुदी कशी? तुका म्हायत नाय, मम्मी."

सिपोराबाईंनी मला खाली ठेवलं. नओमीने मला उचललं आणि खाटेखाली ढकललं, जुन्या चपलांच्या शेजारी.

मित्रांनो, आता लाजिरवाणी गोष्ट सांगते. मला राग यायला हवा होता, पण तो आला नाही. मला वाटलं, बरोबरच आहे. माझ्या अंगाला पोह्यांचा, खोबऱ्याचा वास. मी कसली यहुद्यांची! बरं झालं मला लपवलं.

बाहेर जेवणं चालली होती. मिरियमबाईंनी हिब्रूत काहीतरी विचारलं. नओमी थांबली, मग खालच्या आवाजात तिने आईवडिलांना मराठीत सांगितलं, "त्या विचारतायत, तुम्ही यहुदी कधी झालात?"

रूबेनभाऊंचा हात ताटातच राहिला. "झालो म्हणजे?" एवढंच ते म्हणाले.

तेवढ्यात दारात सुगंधा आली. ती मासे विकते, चार घरं सोडून राहते. हातात दोन नारळ.

"मालिदो झालो काय गो सिपोरा? लेकीची सासू इली म्हणान आयकलंय."

नओमी धावत दाराशी गेली. "आज मालिदो नाय, सुगंधाकाकी. तू मगे ये."

सुगंधा उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. असं तिला या घरात कधी कुणी म्हटलं नव्हतं. तिने आतल्या माणसांची तोंडं बघितली.

"काय झाला? पावणी काय इचारता?"

रूबेनभाऊंनी सांगितलं. सुगंधाने नारळ खाली ठेवले.

"तिका सांग, एकतीस वर्सां मी ह्या दारात मासे घेवन येतंय. कोलंबी नाय, खेकडे नाय, तिसरे नाय. खवल्यांचोच मासो. आणि शेनवारी हय चूल पेटणा नाय, म्हणान शुक्रवारीच दोन मासे जास्त देतंय. सांग तिका!"

खवल्यांशिवायचा मासा खायचा नाही, शनिवारी चूल पेटवायची नाही, हे यहुद्यांचे जुने नियम. नओमीने सांगितलं. मिरियमबाईंनी ताटाकडे बघितलं. मग त्या हळूच काही बोलल्या. नओमीने ते मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, मी माझ्या घरी कोळंबी खाते."

कुणी हसलं नाही. सिपोराबाई उठल्या, खाटेखाली वाकल्या आणि पदराने माझ्यावरची धूळ पुसत मला बाहेर घेऊन आल्या. दुपारी मी भरले. एलियाहूंचं नाव आलं तेव्हा मिरियमबाईंनी मान वर केली आणि पुढची ओळ त्याही पुटपुटल्या. चाल मात्र त्यांची वेगळी होती.

नंतर नओमी आईच्या पायाशी बसून रडली. "माका माफ कर, मम्मी."

"माजी माफी कित्याक? सुगंधाक दारात उभी ठेवलंस. तिच्याकडे जा."

सुगंधा तोवर नारळ तिथेच ठेवून घरी निघून गेली होती. नओमीने मला दोन्ही हातांत धरलं आणि भर उन्हात, वाडीतल्या सगळ्यांच्या देखत, मालिदा तिच्या घरी नेला. सुगंधाने आधी हातातलं काम उरकलं. मग तिने वाटी पुढे केली.

मार्चमध्ये लग्न झालं. तिकडे नओमीला अजूनही कुणी ना कुणी 'तू यहुदी कशी?' हाच प्रश्न विचारतं, असं ती फोनवर सांगते. खाटेखाली मला जे वाटलं, त्याची लाज मला अजून वाटते.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. तुमच्या वर्गात कुणाचं नाव, रंग, डबा वेगळा दिसला, तर तू कुठला, कोण, असं जरूर विचारा. पण त्याच्या शेजारी बसून, त्याच्या डब्यातला घास खाता खाता विचारा.