डावी गाठ

गाठ डावीकडे वळलेली आहे. स्क्रीनवर विडीच्या तेंदूपत्त्याचा पुडा, त्याभोवती सालीचा दोर, दोराचा शेवटचा पीळ... डावीकडे. नूतनला हे आज सकाळी दिसलं, शोधनिबंध सगळ्यांना पाठवून झाल्यावर. तोवर जमेची बाजू कशी भरगच्च होती—कोलंबोची परिषद, मग पीएचडी, मग कॉलेजात कायमची जागा, आणि 'सून सिलोनले चालली' असं आमगावभर सांगत हिंडणारे सासरे. विषयही बेतशीर, गोंदियाचा तेंदूपत्ता समुद्रापार कसा गेला. पत्त्याचे व्यापारी इंद्रकुमार शेठ यांना आपले आजोबा इतिहासात हवे होते, म्हणून त्यांनी जुन्या निर्यातीच्या कागदांचं कपाट उघडलं, वर चहाही पाजला.

आणि पत्ता तोडून पुडे बांधणाऱ्या दुर्पतामायनं तोंड उघडलं. शंभर पुड्यांमागे पाच शेठच्या घराला फुकट, आजीच्या काळापासून आजपर्यंत. 'सिलोनले गेला तो आमचा फुकटचा पुडा, बाई.' निबंधाचा कणाच तो. नूतननं तिचं नाव बदललं, गाव बदललं, आणि मुखपृष्ठावर तिनं बांधलेल्या पुड्याचा फोटो टाकला—पुड्याला कुठं चेहरा असतो?

असतो. मुलाखतीच्या टेपवर माय तेच सांगते आहे, आणि नूतन तेव्हा बॅटरी किती उरली ते बघत होती... पत्ता मोजून घेणाऱ्या फळीवरचा शेठचा दिवाणजी अंधारात गाठ चाचपून पुडा कुठल्या घरचा ते सांगतो. अख्ख्या गावात डावखुरी एकच.

निबंध शेठलाही गेला होता; दुपारी त्यांचा फोन आला.

"बेटा, फोटो बढिया आहे. गाठ कोणाची?"

"आठवत नाही, शेठजी."

"आठवेल. तुम लोग तो इतिहासवाले."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. फळीवर कुणी कुणावर रागावत नाही; नकोशा माणसाचे पुडे फक्त ओले निघतात, फाटके निघतात, हंगाम संपेपर्यंत परत येत राहतात. आणि हंगाम तर तोंडावर आलेला—मायच्या गावाकडे निघालेल्या सालेकशाच्या बसमध्ये, खिडकीबाहेर तेंदूला तांबूस पालवी, एरवी नूतन सुंदर म्हणाली असती.

मायच्या अंगणात तिनं सगळं सांगून टाकलं. माय रागावली नाही. मागच्या सालचा वाळका पत्ता आणि दोर घेऊन बसली, उजव्या हातानं पीळ द्यायला लागली. दोर सुटला. पुन्हा दिला, पुन्हा सुटला.

"काऊन रडून राहिली? गाठच बदलून टाकून राहिली ना मी. म्हातारपणी शाळेत बसली, हास मले."

नूतन हसली नाही. या हातानं हंगामात निम्मेसुद्धा पुडे होणार नाहीत... आणि डावी गाठ एकाएकी नाहीशी झाली, तर दिवाणजी तेही वाचणार नाही का? मायला हे कळत नव्हतं? की कळूनच ती खाली बघत होती?

शेवटी एक गाठ टिकली. वेडीवाकडी, उजवीकडची. तीन पिढ्यांच्या व्यापाराचा असा पुरावा कुठल्या कपाटात मिळणार—नूतननं खाली पाहिलं. फोनचा कॅमेरा उघडा होता. कधी उघडला, तिला आठवेना. सकाळपासूनची शेठची भीती तिनं चाचपली. ती जागेवर नव्हती, तिथं दुसरीच भीती बसली होती, तिच्या स्वतःच्याच चेहऱ्याची.

शेठला आजोबा मिळाले. मला कोलंबो. हात मायचा गेला.