अकरा मैलांचा चिखल

मी एक जुना पट्टा आहे, आणि मला वास येतो. तो कशाचा, हे सांगायलाच आज तोंड उघडलं आहे. हातभर लांब, जाड कॅनव्हासचा, दोन्ही टोकांना हात घालायला शिवलेली एकेक मूठ, एवढाच माझा देह. इंग्लंडमधल्या एका सभागृहात, एका मोठ्या फोटोखाली, खिळ्याला लटकतो आहे. तो फोटो पाहिला की मला शिसारी येते.

मित्रांनो, माझा जन्म क्लिफर्ड हॅलमच्या लष्करी पिशवीतून झाला. क्लिफर्ड सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होता. एक सुरुंग फुटला, त्यात त्याचे डोळे गेले आणि त्याचा जिवाभावाचा सोबती टोबी रॅग गेला. दोघांनी ठरवलं होतं, सुटी मिळाली की पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत पायी जायचं. चाळीस वर्षांनी, अंध सैनिकांच्या मदतीसाठी अशीच पदयात्रा निघणार असं कळलं, तेव्हा क्लिफर्डने पिशवी काढली आणि शेजारच्या नेरिस प्रोबर्टला म्हणाला, "काप हिचा पट्टा. मागचं टोक मी धरीन, पुढचं तू."

नेरिस निवृत्त पोस्टमन बाई. तिने मला शिवलं ते टपालाच्या पोत्याच्या दोऱ्याने. शिवताना म्हणाली, "आणि वाटेत मी बडबडले तर कुरकुर करायची नाही."

"तू गप्प बसलीस तर मी खड्ड्यात पडेन की गं."

आमचा नियम साधा होता. आंधळ्याने पट्टा धरायचा, पट्ट्याने आंधळ्याला धरायचं नाही. नेरिस चालायची, मी सैल असायचो, आणि तिच्या वळण्याची खबर क्लिफर्डच्या बोटांना द्यायचो. "फाटक. खाली दोन पायऱ्या. मेंढीची लेंडी. अरे, तुडवलीसच." असे आम्ही निघालो. निघताना तिथल्या रिवाजाप्रमाणे क्लिफर्डने बूट समुद्रात बुडवले आणि एक खडा उचलून खिशात टाकला. तो पलीकडच्या समुद्रात फेकला की यात्रा पुरी. त्याचा खडा टोबीचाही होता.

सहाव्या दिवशी नेरिसचा घोटा मुरगळला. एका दिवसासाठी माझं पुढचं टोक यात्रा काढणाऱ्या संस्थेच्या कार्यवाहांच्या, म्हणजे फेनबींच्या हातात गेलं. शी! ओला, सुगंधी तेल लावलेला हात. त्यांनी मला मनगटाला गुंडाळून घेतलं आणि कुत्र्याला ओढावं तसं क्लिफर्डला ओढलं. नेरिसची बस येईपर्यंत बोलायचे मात्र तिच्याशीच. "यांना थंडी वाजतेय का, बघा ना जरा."

"यांना विचारा की," नेरिस म्हणाली. "कान शाबूत आहेत त्यांचे."

पुढे अकरा मैलांचा डोंगर होता, माथ्यावर काळी दलदल. रविवारी किनाऱ्यावर बँड आणि छायाचित्रकार येणार होते, आणि आम्ही एक दिवस मागे पडलो होतो. नेरिस बसने पुढच्या मुक्कामी गेल्यावर फेनबी मधाळ आवाजात म्हणाले, "क्लिफर्डसाहेब, वरची वाट बंद केली आहे. गाडीने एवढासा वळसा घालू." क्लिफर्डने विश्वास ठेवला. वाट उघडी होती. मला माहीत होतं, कारण खोटं बोलताना त्या मनगटाला फुटलेला घाम मीच प्यायलो होतो. त्याची किळस अजून गेलेली नाही.

संध्याकाळी खानावळीत शेजारच्या टेबलावर एक बाई काटकीने बूट खरवडत होती. "माथ्यावरून आले आज. गुडघाभर चिखल, पण वाऱ्याने जीव सुखावला."

क्लिफर्डने सूपचा चमचा खाली ठेवला. वाकून स्वतःचे बूट चाचपले. मग हळूच म्हणाला, "नेरिस, माझे बूट कोरडे आहेत गं."

नेरिस फेनबींना शोधायला उठलीच होती. त्याने तिला थांबवलं. "आधी पुढचं चालू. दलदल कुठं पळून जात नाही."

दुसऱ्या दिवसापासून नेरिस लंगडत का होईना, माझं पुढचं टोक धरून पुन्हा चालू लागली. रविवारी किनाऱ्यावर बँड वाजला. फेनबींनी नेरिसच्या हातातून मला हिसकावलं, मनगटाला गुंडाळलं आणि छायाचित्रकारांकडे बघून हसले. "प्रत्येक पाऊल पायी," असं ते मोठ्याने म्हणाले. हाच तो फोटो, मित्रांनो. खाली अजून तीच ओळ आहे.

"फेका आता खडा," ते म्हणाले. "लोक ताटकळलेत."

क्लिफर्डने खडा खिशात परत टाकला. "मी अजून पोचलो नाही. अकरा मैल मागे राहिलेत."

"गंमत करतायत," फेनबी लोकांना म्हणाले आणि लोकही हसले. त्या हसण्याचा मला फेनबींच्या घामापेक्षा जास्त वीट आला. एका माणसानेही विचारलं नाही, कुठले अकरा मैल?

नेरिसचा घोटा पुरता बरा झाल्यावर तिघं परत गेलो, ती, तो आणि मी. पावसात डोंगर चढलो. माथ्यावर नेरिस कमरेपर्यंत रुतली, तेव्हा क्लिफर्डने मला खेचून तिला बाहेर काढलं. मी जन्मात एवढा ताणला गेलो नव्हतो आणि एवढा माखलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी बसने त्याच किनाऱ्यावर गेलो. मंगळवार होता. चिटपाखरू नव्हतं. क्लिफर्डने खडा फेकला.

"लागला का नीट?"

"समुद्र आहे तो," नेरिस म्हणाली. "नेम चुकशील कसा?"

क्लिफर्ड हसला, आणि मग बराच वेळ रडला. नेरिस पहिल्यांदाच गप्प बसली.

आता त्याचे गुडघे गेलेत. संस्थेने मला मागून घेतलं आणि इथे टांगलं. पाहुणे फोटोला दाद देतात, मला पाहून नाक मुरडतात. परवा झाडणारी बाई म्हणाली, "किती घाण आहे हा. धुऊनच टाकते."

मित्रांनो, वाटेत आंधळा माणूस भेटला तर त्याला ओढू नका, विचारा. आणि माझ्यावर एवढी मेहरबानी करा. दर गुरुवारी क्लिफर्ड चहाला येतो, हात वर करून माझी शिवण चाचपतो. तिथे दोऱ्यांत काळा चिखल वाळून बसला आहे. नख लावून तो आहे ना बघतो आणि मगच चहाकडे वळतो. फोटो हवा तर चकाचक पुसा. मला धुऊ नका.