एकशे चौसष्ट सह्या

जेवता जेवता टीव्हीवर ओरडण्यात वर्लिन काझमारेकचा हात धरणारा मिशिगनमधल्या आमच्या गावात दुसरा कुणी नव्हता. चौतीस वर्षं गिअरच्या कारखान्यात काढून तो निवृत्त झाला होता. बातम्यांत चीनची विजेवरची गाडी दिसली की त्याचा घास अडायचा. वॉशिंग्टनमध्ये एक सरकार अशा गाड्यांना सवलत देतं, दुसरं येऊन काढून घेतं, आणि मधल्यामध्ये मिशिगनचा कामगार भरडला जातो, असं त्याचं म्हणणं. त्यात खोटं फारसं नव्हतं.

त्याची मुलगी डिआना त्याच कारखान्यात दुसऱ्या पाळीला होती. विजेच्या गाडीला गिअर जवळजवळ लागतच नाहीत, त्यामुळे तिच्या विभागाची फार तर दोन वर्षं उरली होती. बाप-लेकींना दोघांनाही हे ठाऊक होतं, पण त्यावर बोलणं दोघंही टाळत.

"बाबा, मंगळवारी गावच्या टाऊनशिप बोर्डाची सभा आहे," ती एकदा डबा भरताना म्हणाली. "कारखान्याविषयी काहीतरी ठरायचंय म्हणे. मला पाळी आहे. तुम्ही तरी जाऊन या ना."

"तिथं पाच जण बसून कुत्र्यांचे परवाने ठरवतात, नाहीतर रस्त्यावरचा बर्फ कुणी काढायचा ते. चीनशी लढाई तिथं होत नाही, पोरी."

तो गेला नाही. गावातलंही जवळजवळ कुणीच गेलं नाही.

दर गुरुवारी युनियनच्या हॉलमध्ये निवृत्त मंडळींची न्याहारी असते. या हॉलच्या आवारात एक जुनी पाटी आहे: परदेशी गाडी इथं लावाल तर उचलून नेऊ. सभेनंतरच्या गुरुवारी एक अनोळखी, गोडबोल्या माणूस कागदांचा गठ्ठा घेऊन आला. कागदावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आपली जमीन, आपला हक्क. चीनला पाय ठेवू देऊ नका.' खाली बारीक अक्षरांत अर्धं पान मजकूर होता. वर्लिनचा चष्मा गाडीत राहिला होता. त्यानं झोकात सही ठोकली, वर वीस कोरे कागद मागून घेतले आणि घरोघर हिंडू लागला.

दोन आठवड्यांत त्यानं एकशे चौसष्ट सह्या जमवल्या. लोक कागद बघतच नव्हते, वर्लिनकडे बघून सही करत होते. तू म्हणतोस म्हणजे ठीकच असणार, असं म्हणत पेन मागत. त्याला किती अभिमान वाटला असेल, सांगायला नको.

एकशे पासष्टावं दार ओडेसा ब्रेथवेटचं होतं. एके काळी ती कारखान्यात युनियनची प्रतिनिधी होती, आणि कंपनीचा करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तिनं कधी कुणाला सही करू दिली नव्हती. तिनं वर्लिनला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात कॉफी ठेवली आणि तो कागद सावकाश वाचून काढला. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "तू वाचलास हा?"

"मथळा वाचला. पुरेसा आहे."

"मग आता बाकीचं ऐक." तिनं मजकूर वाचून दाखवला. कारखान्यामागची शेतजमीन वीज उपकेंद्राला द्यायचं बोर्डानं त्या मंगळवारच्या सभेत ठरवलं होतं. तो निर्णय थांबवावा आणि नोव्हेंबरात त्यावर मतदान घ्यावं, अशी त्या कागदाची मागणी होती.

"यात चीन कुठं आला?" वर्लिन गोंधळला.

"कारखान्यात येणाऱ्या नव्या यंत्रांपैकी दोन तिकडून यायची आहेत. तेवढाच चीन. गिअर बंद करून तिथंच विजेच्या मोटर बनवायच्या म्हणून ते उपकेंद्र हवंय. डिआनाच्या विभागातल्या सगळ्यांना तिथं काम मिळणार होतं. कंपनीचा माणूस सभेत म्हणाला, नोव्हेंबरपर्यंत आम्ही थांबणार नाही, दुसऱ्या राज्यात जागा तयार आहे. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या, वर्लिन. ऐकायला मी एकटी होते."

आपल्याच लेकीच्या पोटावर पाय द्यायला आपण दारोदार फिरलो!

"आठवतं?" ओडेसा शांतपणे म्हणाली. "युनियनच्या जत्रेत आपण जपानी गाडी हातोड्यानं फोडली होती. पहिला घाव तुझाच. गाडीचा चुरा झाला. जपानचं काय बिघडलं? त्यांनी आणखी चांगली गाडी केली, आणि पुढच्या वर्षी आपली तिसरी पाळी बंद झाली. परक्याशी शर्यत खरी आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती चांगलं काम करून जिंकायची असते. राग काढला की काम झालं, असं आपल्याला वाटतं."

वर्लिननं गठ्ठा उचलला आणि मधोमध फाडायला धरला. ओडेसानं त्याचा हात पकडला.

"ती नावं तुझी नाहीत. ज्यांची आहेत त्यांच्याकडे जा. खरं काय ते सांग. ज्यांना खोडायचं त्यांनी खोडावं."

सह्या जमा करायच्या मुदतीला दहा दिवस उरले होते. ते दहाही दिवस वर्लिन पुन्हा त्याच दारांवर उभा राहिला. मी न वाचता तुम्हाला सांगितलं, माझं चुकलं, आता हे नीट वाचा, एवढंच तो म्हणे. काहींनी टोमणे मारले, एकानं तोंडावर दार लावलं. एकशे एकतीस जणांनी आपली नावं खोडली. तेहतीस जणांनी नाही खोडली. त्यातल्या कुणाला शेतजमीन वाचवायची होती, कुणाला वीजवाहिन्या नको होत्या. त्यांनी वाचून ठरवलं होतं. ते कागद वर्लिननं स्वतःच्या हातानं टाऊनशिपच्या क्लार्ककडे जमा केले.

निर्णय मतदानाला टाकायला चारशे सह्या लागत होत्या. वर्लिनच्या तेहतीस आणि इतरांनी आणलेल्या धरून चारशे अठरा भरल्या. मतदान ठरलं आणि सप्टेंबरातच कंपनीनं मोटरचं काम दुसऱ्या राज्यात हलवलं.

बातमी आली त्या दुपारी वर्लिननं लेकीला सगळं सांगितलं.

"त्या तेहतीस नावांचे कागद तुम्ही जमा केले नसते तर?" तिनं विचारलं.

"तर तुझी नोकरी राहिली असती. असं होऊ शकतं हे मला माहीत होतं, पोरी. तरी मला ते फाडता आले नाहीत."

डिआनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "फाडले असते तर मला तुमच्याकडे बघवलं नसतं," ती म्हणाली. "आणि सगळं तुमच्याच माथी कशाला? त्या मंगळवारी मलाही रजा टाकता आली असती. मी टाकली नाही."

विभाग बंद झाला, आणि ती आता तीनशे मैलांवर नोकरी करते. तिथल्या बोर्डाच्या सभेला पहिल्या महिन्यापासून जाते, आणि इकडे वर्लिन जातो.

वाचकहो, देशाचं धोरण कुठंतरी दूर ठरतं, आपल्या हातात काय आहे, असं म्हणून आपण सगळेच मोकळे होतो. पण त्या धोरणाचा शेवटचा कागद आपल्याच दारात येतो आणि आपलीच सही मागतो. तो वाचायचा कंटाळा आपण करायचा आणि त्याचा राग परक्यावर काढायचा, याला देशप्रेम म्हणत नाहीत. वर्लिनला हे कळलं तेव्हा त्याची किंमत त्याच्या लेकीनं मोजली होती.