बार्नाबीचा निळा कोट

"अगं, कोट चढवलास म्हणून तो माणूस झाला का?" ऑगस्टाने किटली दाणकन आपटली. "नोव्हेंबर लागला. उंदीर झोपणारच!"

तिच्या धाकट्या बहिणीने, मेबलने शेकोटीत आणखी एक ओंडका सरकवला. थंडीभर झोपणाऱ्या जातीचा हा सोनेरी उंदीर उबेत ठेवला की जागा राहतो. नाहीतर मे महिन्यापर्यंत ढिम्म झोपला असता. हा उंदीर, बार्नाबी, तिच्या पहिल्यावहिल्या चित्रपुस्तकाचा नायक होता. अकरा चित्रं लंडनला गेली होती. त्याच्या लग्नातल्या नाचाचं बारावं आज चारच्या टपालाने गेलं नाही, तर नाताळाआधी पुस्तक निघत नव्हतं. प्रकाशकाने तसं बजावलंच होतं. दुसऱ्या कोण्या बाईंचं मांजरांचं पुस्तक तयारच होतं.

मेबलला मनाने चित्र काढता येत नसे. समोर जिवंत प्राणी हवा, अंगावर बाहुलीचा कोट हवा, चुणी कुठे पडते ते दिसायला हवं. पुन्हा घालायला झटापट नको म्हणून आठवडाभर कोट उतरवलाच नव्हता.

साडेतीन झाले. पावणेचार झाले.

"एक पाय उचल रे राजा. मग झोप खुशाल."

बार्नाबी कलंडला.

मेबलने कुंचला फेकला. कोटाची इवली बटणं सुटेनात. तिने दोरा दातांनी तोडला. कोटाखाली नुसत्या बरगड्या! वाटीतले बदाम तसेच होते. बाह्यांत अडकलेल्या पंजांना ते धरताच येत नव्हते, आणि मेबलला वाटत होतं, काय शहाण्यासारखा हात जोडून बसतो!

"ऑगस्टा, मी मारलं गं त्याला! मला दिसलंच नाही!"

"रडतेस काय, दूध आण!"

ऑगस्टाने बदाम वाटून दुधात कालवला. मेबलने तळव्यावर बार्नाबी घेतला आणि करंगळीने थेंब त्याच्या तोंडाला लावला. काही नाही. पुन्हा लावला. मग इवलीशी जीभ बाहेर आली.

दारावर थाप पडली. "टपाल, मिस! लंडनचं पाकीट आहे ना?"

"एक पाय तर राहिलाय," ऑगस्टा आता काकुळतीला आली. "मार की दोन रेघा! वर्षभर मरमर राबलीस!"

"हात हलवला तर तो खायचा थांबेल," मेबल कुजबुजली. "टपालवाल्यांना जाऊ दे."

सायकलची घंटा उतारावरून लांब गेली. मेबल रडत होती, आणि तळवा मात्र तिने जराही हलू दिला नाही.