'भट्टी'चा गायक

आमचा राघव 'भट्टी' नावाच्या बँडमध्ये गातो, हे आमच्या ह्यांनी इथल्या मराठी समाजात कधी कुणाला कळू दिलं नाही. इंडस्ट्रियल ब्लॅक मेटल म्हणतात त्या गाण्याला. ग्वाल्हेरच्या हजीरा भागात बँडमधल्या अंशुलच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान आहे. रविवारी ते बंद असलं की ही चार पोरं तिथे ग्राइंडर चालवून, पत्रे बडवून आवाज रेकॉर्ड करायची. त्यावर गिटार, आणि गिटारवर राघवचं ओरडणं, तोंडाला पांढरं-काळं फासून. मला विचाराल तर कान किटायचे. पण सहा वर्षं पोरगा एका गोष्टीला चिकटून राहिला, हेही मी बघत होते.

ह्यांचं दुखणं निराळं. ग्वाल्हेरचा मराठी माणूस, त्यात पणजोबा दरबारात गायलेले! "मुलगा काय करतो?" म्हटलं की हे छाती फुगवून सांगणार, "ख्याल शिकतोय." दहावीनंतर राघवने तंबोऱ्याला हात लावला नव्हता. मी शेजारी उभी राहून हसायचे. म्हणजे थापेत मीही सामील.

यंदा समाजाच्या गणेशोत्सवात कार्यक्रमाचं बघणाऱ्या लीलाताईंनी आरतीआधी राघवचं गाणं ठरवलं आणि पत्रिका छापूनही टाकली. नेमकी त्याच दिवशी 'भट्टी' गुवाहाटीला वाजणार होती. एवढा मोठा कार्यक्रम त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता.

"लीलाताईंना सच बता दो ना, बाबा," राघव म्हणाला.

"आणि नाक कापून घेऊ? चार लोकांत तोंड कसं दाखवू?" ह्यांचा आवाज चढला आणि एकदम बसला. डोळे भरून आले. "एवढी एक वेळ, राघव."

राघवने माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलायला हवा होता. मी कणीक मळत राहिले.

त्याने आमच्यासमोरच अंशुलला फोन लावला, स्पीकरवर.

"देख भाई," अंशुल म्हणाला, "तू नहीं आया तो दूसरा लड़का लेना पड़ेगा. फिर वही रहेगा."

"ले ले," राघव म्हणाला.

कार्यक्रमाला तो झब्बा घालून बसला. ओरडून ओरडून घसा खरखरीत झालेला, वरचा सा काही लागेना. दोनदा आवाज फाटला. ह्यांनी घाईघाईने माइक ओढला, "सर्दी झालीय त्याला." सगळे समजायचं ते समजले. लीलाताई माझ्या कानाशी आल्या, "रियाज नाही का करत, दुर्गा?" लाजेने मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण त्याच्या गाण्याची नव्हे, आम्हा दोघांची लाज वाटत होती. तो बिचारा मान खाली घालून तंबोरा पुसत बसला होता.

दुसऱ्या दिवशी अंशुलने व्हिडिओ पाठवला. मैदान गच्च भरलेलं, आणि तोंड रंगवलेला नवा मुलगा राघवने लिहिलेलं गाणं ओरडत होता. राघव पुढ्यातली पोळी तशीच ठेवून बघत होता. हे ताट घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "आवाज वाढव जरा. तुमचं गाणं ऐकू दे."

राघवने आवाज वाढवला.

"आमचं नाही, बाबा," तो म्हणाला. "त्यांचं."