निळा कॉम्प्युटर

चंदनने मुंबईहून आणलेला निळा कॉम्प्युटर वर्ध्यातल्या त्यांच्या कापडाच्या दुकानात गल्ल्याशेजारी महिनाभर मिरवला. त्याला वेगळा डबा नव्हता. सगळं पडद्याच्याच पोटात. पारदर्शक निळ्या पाठीतून आतल्या तारा दिसायच्या. साड्या घ्यायला आलेल्या बाया आधी त्यालाच न्याहाळायच्या. मग एक दिवस मुनीमजींनी हिशेबाची फ्लॉपी आणली, आणि ती घालायला यंत्राला जागाच सापडेना. सीडी तेवढी जायची. चंदनचे वडील ओमप्रकाशजी यांनी त्यावर चादर टाकली.

चंदनची बायको सुरभी दुकानात जेवणाचा डबा घेऊन आली, की त्या चादरीकडे बघून तिचा जीव खालीवर व्हायचा. लग्नाआधी तिने नागपुरात कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. इथे पोळ्या लाटतानाही तिची बोटं पोळपाटावर टकटकायची.

"बाबूजी, मी चालवून पाहू का?"

"आपल्या घरच्या बाया दुकानात बसत नाई, बेटा."

"मंग घरी नेतो," सुरभी म्हणाली.

ओमप्रकाशजी गिऱ्हाइकात गुंतले होते. यंत्राच्या डोक्यावर मूठ होती. सुरभीने ती धरली, दात-ओठ खाऊन ते धूड उचललं आणि रिक्षात मांडीवर घेऊन घर गाठलं. एक वायर विजेला, एक फोनला. झालं.

पण इंटरनेट लागलं की घरचा फोन अडायचा. "माह्या बहिणीचा फोन लागून नाई राह्यला!" सासूबाई नलूबाई खोलीभर येरझारा घालायच्या. सुरभी वायर काढायची, पुन्हा लावायची. दोघींनाही चैन नव्हतं. शेवटी एका दुपारी सुरभीने माउसच त्यांच्या हातात दिला.

माउस पुरीसारखा गोल. नलूबाईंनी तो वर सरकवला, तर बाण तिरपाच पळाला.

"याचं डोकं कोन्या बाजूले हाय?"

सुरभीचाही रोज तोच घोटाळा व्हायचा. नलूबाईंनी पाकिटातली लाल टिकली काढून माउसच्या वरच्या कडेला चिकटवली. बाण सुतासारखा चालला. त्या दिवसापासून नलूबाईंची दुपारची झोप गेली ती गेलीच.

दिवाळीच्या तोंडावर ओमप्रकाशजी म्हणाले, "यंत्र दुकानात नेतो. शोभा येते."

नलूबाईंनी मान वर केली नाही. "शोभेले झुंबर आना. हे आता सुरभीच्या क्लासात जाईन."

सुरभी चमकून बघत राहिली. मुलींना कॉम्प्युटर शिकवायच्या क्लासचं ती सासूबाईंशी फक्त एकदाच, सहज बोलली होती.

वर्ध्याला लागूनच, सिंदी मेघेत क्लाससाठी खोली मिळाली. पहिल्या दिवशी आठ मुली आल्या, यंत्र एकच. तासाभरात वीज गेली. आता पोरी उठून जातील म्हणून सुरभी दारापर्यंत गेली, परत आली.

"मॅडम, बटनं तं हाय न?" आंजी गावाहून एसटीने आलेली आचल म्हणाली आणि तिने काळ्या पडद्यासमोरच्या कीबोर्डवर बोटं ठेवली. बाकीच्या तिच्यामागे रांगेत उभ्या राहिल्या.

सुरभी फेऱ्या मारत एकेक अक्षर पुकारू लागली.