टाकीतला साहेब

पेठ रस्त्याने पंचवटीच्या नाक्यापासून तीन मैल गेलं की उजव्या हाताला एक चिंच आहे. गेल्या माघापासून तिच्याखाली रोज सकाळी साडेआठला शंभरेक माणसं जमू लागली. वेळ पक्की होती, कारण साडेआठला तिथे सावळीरामची फटफटी बंद पडायची.

सावळीराम हा आमचा पंचवटीतला शेजारी, पेठ रस्त्याच्या खडीकामावरचा मुकादम. देवळालीच्या छावणीतून विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी फटफटी त्याने घेतली होती. घरी ती पहिल्या किकेला सुरू होई. चिंचेपाशी दोनदा खोकून गप्प बसे. मग सावळीरामने घामाघूम होईस्तोवर किका मारल्या तरी ढिम्म! तेव्हा झाडाखालून फुंकरबाबा उठत.

बाबा टाकीचं झाकण फिरवून काढत, आत तोंड घालून फुंकर मारत आणि ओरडत, "साहेब, गुड मॉर्निंग! उठा! गो!" झाकण परत लावत, त्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा जाड थर चोपडत आणि म्हणत, "मार आता." एका किकेत फट-फट-फट! जयजयकार होई, नारळ फुटत.

"टाकीत साहेबाचा आत्मा हाय," बाबा समजावत.

"पण बाबा, साहेब जिवंत आहे," मी एकदा म्हणालो. "मागच्याच महिन्यात त्याचं पत्र आलं."

"जित्या माणसाचा आत्मा जास्त जोरकस असतो!"

गर्दीने माना डोलावल्या. मी नुकताच भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो होतो. हा सिद्धांत आमच्या अभ्यासक्रमातून कसा काय सुटला होता कोण जाणे.

इथवर गंमत होती. मग एक दिवस सावळीरामची आई अक्काबाई हिने विचारलं, "बाबा, हे कायमचं कधी बरं व्हायचं?"

बाबांनी डोळे मिटले. "कधीपासून बिघडली?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मग मला कशाला विचारतेस? पांढऱ्या पायाची घरात कोण आली ते बघ. अमावास्येच्या आत तिला माहेरी पोचव, आणि परत आणू नको."

आली होती मैना. सावळीरामची बायको, पेठेकडच्या एका खेड्यातली. दोन महिन्यांत तिने घरातलं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. पण आता फटफटी तिच्या नावावर जमा झाली. संध्याकाळपर्यंत तिची ट्रंक ओसरीवर बांधून तयार.

"अरे, बायकोला टाकतोस?" मी सावळीरामला विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "मी काय करू? तारखा जुळतात ना."

तारखा खरोखरच जुळत होत्या. हीच तर अडचण होती.

मी भद्रकालीत खलीलकडे गेलो. तो सायकली आणि स्टोव्ह दुरुस्त करतो, फटफट्याही करतो.

"संध्याकाळी परतताना बंद पडली म्हणून चार वेळा ढकलत आणली त्याने माझ्याकडे," खलील वैतागून म्हणाला. "पेट्रोल आहे का बघायला मी आधी टाकी उघडतो. झाकण लावलं, किक मारली, की चालू! चालू गाडीची बीमारी काय सांगू, भाई? मी तेच केलं तर खलील अनाडी, आणि तो दाढीवाला करतो तर महाराज!"

"पुन्हा सांग. आधी काय करतोस?"

"टाकी उघडतो."

हे डोक्यात घोळवत मी सावळीरामच्या घरी आलो. मैना कंदिलात घासलेट भरत होती. डब्यातून तेल गचके खात येत होतं. तिने डब्याच्या दुसऱ्या भोकात खोचलेली काडी काढली आणि एकसारखी धार लागली.

"वहिनी, हे काय केलंत?"

"वारा आत गेल्याबिगर तेल भाईर येत नाय, भावजी. म्हणून तर दोन भोकं पाडत्यात."

चार वर्षं मी हवेचा दाब परीक्षेत लिहीत होतो. तो पहिल्यांदा दिसला तो इथे.

"लग्नाच्या दिवशी फटफटीचं काय केलं होतं?"

"पूजा केली. सासूबायनी झाकणाला शेंदूर लावला. तवापून बाबा रोज लावतो."  तिची नजर फटफटीकडे गेली. मग म्हणाली, "त्या झाकणालाबी भोक असंल का?"

मी टाचणी शोधायला उठलो. तिने अडवलं. "आता नको, भावजी. घरी काढलं तर म्हणतील, बाबाच्या कृपेनं सुटली. उद्या चिंचेखालीच काढू."

दुसऱ्या दिवशी सावळीरामच्या मागे ट्रंक मांडीवर घेऊन मैना बसली. अक्काबाई आणि मी टांग्याने पुढे. साडेआठला फटफटी चिंचेपाशी आली, खोकली आणि थांबली.

"बघा! ती बसली आन् बंद पडली!" अक्काबाई ओरडली.

"काल ती बसली नव्हती, तरी पडलीच की," मी आठवण दिली.

"काल ती घरात होती!"

बाबा उठले. मी म्हणालो, "बाबा, आज झाकण न उघडता फुंकर मारा. आत्म्याला झाकणाचा काय अडथळा?"

"होऊन जाऊ द्या, बाबा!" गर्दीला ही कल्पना फारच आवडली.

बाबांचा हात आपोआप झाकणाकडे गेला. मी तो प्रेमाने धरून ठेवला. बाबांनी वरून फुंकर मारली, खालून मारली, शेवटी धुराड्याच्या नळीतून मारली आणि काजळीने मिशा रंगवून घेतल्या. सावळीराम किका मारून थकला.

"साहेब रुसलाय," बाबा म्हणाले.

"सरका जरा," मैना म्हणाली. तिने अंबाड्यातला आकडा काढला आणि झाकणावरच्या शेंदरात टोचून फिरवला. सूंऽऽ करून हवा आत गेली. "मारा आता."

फट-फट-फट!

मी सांगितलं, "झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी हवा तिथून आत यायला हवी. ते भोक शेंदराने बुजलं. सकाळी घरी पेट्रोल भरायला झाकण उघडतं, म्हणून गाडी निघते. तीन मैलांत गुदमरते. बाबा झाकण उघडून हवा सोडतात आणि शेंदूर चोपडून उद्याची सोय करतात. लग्नाच्या दिवशी घरात मैना आली आणि झाकणावर शेंदूर आला. तारीख एकच. तुम्ही शेंदराला हात जोडलेत आणि हिची ट्रंक बांधलीत."

बाबा एव्हाना पळ काढायला चिंचेमागे आपला चिमटा शोधत होते. गर्दीतली एक बाई कुंकवाची डबी घेऊन पुढे आली आणि मैनाच्या आकड्याला कुंकू लावू लागली. मैनाने हात मागे घेतला. "नको मावशी. पुन्हा भोक बुजंल."

सावळीराम कानकोंडा होऊन म्हणाला, "बस मागं. घरी जाऊ."

"ट्रंक न्या तुम्ही. मी चालत येते. पाय पांढरे हायेत ना, बघू द्या समद्यांना."

तीन मैल ती पुढे चालली. मागून फटफटी तिच्या चालीने रांगत आली, एकदाही न थांबता. अक्काबाई टांग्यातून उतरून सुनेच्या बरोबरीने कधी चालू लागली, ते मला कळलं नाही.

वाचकहो, दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. त्या दिवशी आणखी काय घडलं ते विचारा आणि स्वतः करून बघा. आणि घरात काही बिघडलं, तर कुणाच्या पायांकडे बघण्याआधी, बिघडलेल्या वस्तूचं झाकण तेवढं बघा.